घराखालची जमीन

२८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री देशभरातल्या बेघर माणसांची मोजणी झाली. फुटपाथ, रेल्वेचे फलाट, देवळांचे ओटे, उड्डाणपुलांखालच्या जागा, रस्त्याकडेला पडलेले सिमेंटचे मोठे पाइप अशा ठिकाणी प्रगणक फिरले आणि उघड्यावर झोपलेल्यांची नोंद केली. आकडा निघाला १७ लाख ७३ हजार. त्यातली दोन लाखांहून अधिक माणसं महाराष्ट्रातली होती. उत्तर प्रदेशाखालोखाल आपलाच क्रमांक.

फेब्रुवारी हा वीटभट्ट्यांच्या ऐन हंगामाचा महिना. मुळशी, मावळ, कर्जत, सुधागड या डोंगरपट्ट्यातली कितीतरी कातकरी कुटुंबं त्या दिवसांत भट्ट्यांवर असतात. कच्च्या विटांची कमरेएवढी भिंत, वर गवत नाहीतर प्लॅस्टिकचा कागद, आणि आत जायचं ते वाकून. ठाणे-पालघरकडे या खोपट्याला भोंगा म्हणतात. जनगणनेच्या व्याख्येत बेघर म्हणजे उघड्यावर राहणारा. भोंग्याला छप्पर असतं. मागं वाडीवर कुडाची झोपडी असते, तिलाही छप्पर असतं. म्हणून बेघरांच्या त्या आकड्यात हे लोक आले नाहीत.

पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातला बेघरपणा समजून घ्यायचा तर छपराकडे बघून भागत नाही. घर कुणाच्या जमिनीवर उभं आहे, ती जमीन कुणाच्या नावावर आहे आणि उद्या तिचा मालक बदलला तर काय होईल, हे विचारावं लागतं. हे प्रश्न घेऊन पुण्याच्या चांदणी चौकातून ताम्हिणी घाटापर्यंत गेलं, तर तीन तऱ्हेची माणसं भेटतात. शंभर वर्षांपूर्वी धरणानं उठवलेल्यांची पतवंडं, दुसऱ्याच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या राहणारे कातकरी, आणि हिंजवडी-माणच्या इमारती बांधणारे परगावचे मजूर. तिघांची गाऱ्हाणी वेगवेगळ्या टेबलांवर पडून आहेत. ती एका ग्रामसभेत, एका ठरावात आली तर बरंच काही हलू शकतं असं मला वाटतं, आणि हा लेख त्यासाठी आहे.

पाण्याखाली गेलेलं गाव

नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं, पाणी अडवायचं, ते सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला सोडायचं आणि तिथं तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी टाटा कंपनीची योजना होती. त्यासाठी मुळशी पेट्यातली पन्नासच्या आसपास गावं उठणार होती. भाताची खाचरं, देवळं, मसणवट्या, घरं, सगळंच जाणार होतं. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या कामावर जाऊन सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट या लढ्यानं ‘सेनापती’ झाले. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीनं उभे राहिले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे या सत्याग्रहापायी तुरुंगात गेले. बायाही मागं राहिल्या नाहीत.

लढा तीन वर्षं चालला आणि हरला. का हरला, याचं उत्तर शोधताना राजेंद्र व्होरा यांनी मुळशी सत्याग्रहावरच्या आपल्या अभ्यासात एका दुखऱ्या गोष्टीवर बोट ठेवलं आहे. पेट्यातली बरीच जमीन कागदावर पुण्याच्या सावकारांची होती. कसणारा मावळा त्यांचं कूळ होता. सावकाराला जमिनीचा चांगला भाव मिळाला की त्याचा प्रश्न मिटत होता, आणि भावाची बोलणी सुरू झाली तशी लढ्यातली एकी सैल पडत गेली. कुळाला मात्र पैसा नको होता, जमीन हवी होती. ज्याचं नाव कागदावर, मोबदल्यावर हक्क त्याचा. ज्याची चूल त्या जमिनीवर पेटत होती, त्याला कुणी विचारलं नाही.

तेव्हाचा भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. त्यात पुनर्वसन नावाची गोष्टच नव्हती. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्रानं स्वतंत्र कायदा केला तो १९७६ साली, मुळशीच्या घळभरणीनंतर जवळपास पन्नास वर्षांनी. २०१३ च्या केंद्रीय कायद्यानं तर जमीन नावावर नसलेल्या कुळांना आणि मजुरांनाही ‘बाधित कुटुंब’ मानलं. पण कायदे पुढं येणाऱ्या धरणांसाठी असतात. मुळशीतली उठलेली कुटुंबं पांगली. काही देशावर गेली, काही डोंगराच्या कडेनं वर सरकून पाण्याच्या काठावरच राहिली. सत्याग्रहाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०२१ मध्येही, काठावरच्या अनेक वस्त्यांची मागणी तीच होती: आमचं गावठाण मोजा, हद्द ठरवा, घरं आमच्या नावावर करा. गावठाण नाही म्हणून घराचा उतारा नाही, उतारा नाही म्हणून कर्ज नाही, आणि घरकुलाची यादी निघाली की ‘जागा स्वतःची आहे का?’ या रकान्याशी सगळं अडतं.

मालकाच्या मर्जीवर वाडी

महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या जमाती तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. २०११ च्या जनगणनेत कातकऱ्यांची संख्या पावणेतीन लाखांहून अधिक होती. त्यांची मोठी वस्ती रायगड, ठाणे आणि पालघरात. घाटावर मुळशी, मावळ, वेल्हे (आताचा राजगड), भोर या तालुक्यांतही कातकरवाड्या आहेत. खैरापासून कात काढण्याचा धंदा जंगलाचे कायदे कडक झाल्यावर बसला. मग कोळसाभट्टी आली, वीटभट्टी आली. भातलावणी-कापणीची मजुरी, नदीतली मासेमारी आणि रानातला डिंक-मध-कंदमुळं यांवर जोडजुगाड करून हा समाज जगत आला.

वाडी कशी वसते, ते मुळशीत कुणालाही ठाऊक आहे. भाताच्या मालकाला लावणी-कापणीला आणि राखणीला माणसं हवीत. तो म्हणतो, बांधाच्या वर माळावर राहा. कातकरी कारवीच्या काठ्या आणतात, कूड विणतात, शेणमातीनं लिंपतात आणि राहतात. एका कुटुंबाची पाच होतात, पाचाची पंधरा. आजा गेला, बाप गेला, नातवंडं शाळेत जायला लागली. मालकाचीही पिढी बदलली. दोन्ही बाजूंना हे नातं इतकं सवयीचं की त्याचा कागद करावा असं कुणाला सुचलं नाही.

मग जमिनीला भाव आला. हिंजवडीचं आयटी पार्क, पिरंगुटचे कारखाने, भूगाव-भुकूमच्या सोसायट्या, कोळवण खोऱ्यातली फार्महाऊसं. २००१ मध्ये मुळशी-वेल्ह्यातल्या अठरा गावांचा भाग शासनानं गिरिस्थान म्हणून अधिसूचित केला आणि लवासा आलं. रस्त्यावर जागोजागी प्लॉटिंगचे फलक लागले. मालकानं जमीन विकली. नव्या मालकानं सातबारा बघितला, त्यात वाडी नव्हती. तो आधी तारेचं कुंपण घालतो. कुंपणात ओढ्याकडे जाणारी पायवाट जाते, कधी मसणवटा जातो. त्यानंतर वाडीला निरोप येतो.

हे घाटाखाली कर्जत-खालापुरात आधी घडलं. मुंबईची माणसं फार्महाऊससाठी तिथं आधी पोचली होती. कर्जतजवळच्या कशेळे इथल्या अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनं तिथल्या वाड्यांबरोबर अनेक वर्षं काम केलं. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी २०१३ मध्ये ‘फायटिंग एव्हिक्शन’ या पुस्तकात त्याची हकिकत मांडली. त्या कामात बाहेरून आलेल्या माणसांनी वाडीला उत्तर दिलं नाही. वाडीतल्या लोकांनी बसून स्वतःच्या परिस्थितीचा नकाशा काढला. जमीन कुणाची, मालक कसा आहे, कोण बाजूनं बोलेल, कोण विरोधात जाईल, आपल्याला भीती कशाची वाटते, हे सगळं त्यांनी मांडलं. कित्येक वाड्यांचं मत पडलं की मालकाशी भांडण नको, त्याच्याकडेच मजुरीला जायचं असतं. म्हणून त्यांनी मोर्च्याऐवजी गावठाणाचा प्रस्ताव तयार करण्याची वाट धरली.

ही वाट मुळशीलाही मोकळी आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्या कलम १२२ प्रमाणे गावठाणाची हद्द ठरवण्याचा आणि वेळोवेळी बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. १९४८ च्या कूळकायद्यात तर कूळ, शेतमजूर आणि कारागीर यांनी दुसऱ्याच्या जमिनीवर स्वतःच्या खर्चानं बांधलेल्या राहत्या घराला संरक्षण दिलेलं आहे. वनजमिनीवरच्या वस्तीसाठी २००६ चा वनहक्क कायदा आहे, त्यात १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा धरला जातो. आणि शासकीय जमिनीवरच्या राहत्या घरांसाठी २०१८ च्या शासन निर्णयानं १ जानेवारी २०११ पूर्वीची अतिक्रमणं नियमित करण्याची तरतूद केली. कायद्यांची उणीव नाही. हे कायदे वाडीपर्यंत पोचवायला लागणारी माणसं गावात तयार झालेली नाहीत, ही उणीव आहे.

कागद कोण काढणार

कातकरी कुटुंबाकडे कागद मागितला की बहुधा एक पिशवी पुढं येते. त्यात शिधापत्रिका असते, कधी आधार, कधी एखाद्या मुलाचा शाळेचा दाखला. जातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. जो समाज तेव्हा रानात कोळसा पाडत फिरत होता, त्याच्या आजोबांची नोंद कुठल्या दप्तरात सापडणार? गृहचौकशी करून, वाडीवर जाऊन, शेजारच्या गावकऱ्यांचे जबाब घेऊन दाखला देता येतो. पण त्यासाठी तलाठ्यानं वाडीवर यावं लागतं, आणि गावकऱ्यानं पुढं येऊन ‘होय, हे लोक माझ्या बापापासून इथं आहेत’ असं सांगावं लागतं.

या एका वाक्याची किंमत फार मोठी आहे. कातकऱ्याचा पुरावा कागदात नसतो, शेजाऱ्याच्या आठवणीत असतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसानं, पोलीस पाटलानं, शाळेतल्या गुरुजींनी आणि खुद्द जमीनमालकानं तो जबाब दिला, तर कामं पुढं सरकतात. ग्रामपंचायतीच्या हातात आणखी एक साधन आहे: नमुना आठ, म्हणजे घरपट्टीचं आकारणी रजिस्टर. झोपडीची नोंद तिथं झाली, घरपट्टीची पावती फाटली, की ते घर निदान कागदावर आहे. मालकी त्यानं मिळत नाही. पण किती वर्षं कोण राहतंय, याचा पुरावा तयार होतो आणि पुढच्या प्रत्येक अर्जाला तो उपयोगी पडतो. यासाठी मंत्रालयात जावं लागत नाही. ग्रामसेवक, सरपंच आणि एक दिवस पुरतो.

मुळशी तालुका अनुसूचित क्षेत्रात येत नाही. पुणे जिल्ह्यात ते क्षेत्र आंबेगाव-जुन्नरकडे आहे. तिथल्या आदिवासी गावांना पेसा कायद्यानं जे अधिकार मिळतात, ते मुळशीतल्या कातकरवाडीला नाहीत. वाडी मोठ्या गावाच्या ग्रामपंचायतीत एक कोपरा असते. ग्रामसभेत तिचे चार-दोन लोक मागं बसतात, बोलत नाहीत. म्हणून मुळशीत बिगर-आदिवासी गावकऱ्याची जबाबदारी अधिक आहे. त्यानं मनावर घेतलं तरच वाडीचा विषय ठरावात येतो.

पैसा आला, जागा नाही

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी, बिरसा मुंडा यांच्या जयंतीला, केंद्रानं पीएम-जनमन अभियान सुरू केलं. देशातल्या ७५ आदिम जमातींसाठी घर, रस्ता, पाणी, वीज, आरोग्य अशी अकरा कामं त्यात आहेत. घरासाठी प्रत्येकी २ लाख रुपये, शिवाय रोजगार हमीतून मजुरी आणि शौचालयासाठी १२ हजार. सर्वसाधारण ग्रामीण आवास योजनेत सपाटीवर १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागात १ लाख ३० हजार मिळतात, त्या मानानं ही रक्कम बरी आहे. जागा नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंत जागा घ्यायला मदत मिळते. आधी ती ५० हजार होती, आता १ लाखापर्यंत नेली आहे.

हिशेब करून पाहू. १ लाखात ५०० चौरस फूट म्हणजे फुटाला २०० रुपये. पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना या भावानं जमीन मिळत नाही. आत डोंगराकडे मिळाली तरी मालक एवढे छोटे तुकडे पाडून कातकऱ्याला विकायला तयार होत नाही, आणि झाला तर रस्ता-पाण्याचा प्रश्न उरतो. म्हणून खरी वाट गायरान, गावठाणाला लागून असलेली शासकीय जमीन आणि मालकानं मनानं सोडलेली वाडीची जागा, या तीन ठिकाणांतूनच जाते.

गायरानाचं नाव काढलं की गाव सावध होतं, आणि ते मी समजू शकतो. गुरांना चरायला जागा उरलेली नाही, स्मशान आणि क्रीडांगण तिथंच, आणि एकदा रान मोकळं केलं की धनदांडगे घुसतात. जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. पण त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाच्या आदेशानं दिलेल्या जागा अपवाद म्हणून धरल्या आहेत. न्यायालयानं जो फरक केला तो गावालाही करता येतो. दहा कुटुंबांच्या घरांसाठी लागणारे काही गुंठे वेगळे, आणि कुणाच्या तरी बंगल्याचं कुंपण वेगळं.

घर बांधायचे महिने

मुळशीत घर बांधायचं तर दिवाळीनंतर पाया खणायचा आणि मे महिन्यात कौलं किंवा पत्रा चढवायचा. जूनपासून ताम्हिणीचा पाऊस कोसळतो. जुलै २०२४ मध्ये तिथं एका दिवसात ५०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला. बांधकामाचे जे सहा-सात महिने, तेच वीटभट्टीचे महिने. दिवाळीच्या आसपास भट्टीमालकाची उचल घेतलेली असते, ती फेडायला सगळं कुटुंब मुलाबाळांसह निघून जातं. घरकुल मंजूर होतं तेव्हा लाभार्थी भट्टीवर असतो. हप्ता पायाचा फोटो चढवल्यावर मिळतो आणि पाया घालायला हातात पैसा नसतो. अशा वेळी एखादा ठेकेदार पुढं येतो. वाडीतली सगळी घरं एकदम घेतो, पाया उथळ ठेवतो, सपाट स्लॅब टाकतो. पहिल्याच श्रावणात स्लॅब गळतो, आणि माणसं शेजारी पुन्हा कुडाची झोपडी उभारतात.

हे टाळायला सरकारच्या पैशापलीकडचं काहीतरी लागतं, आणि ते गावात आहे. भातलावणीला मुळशी-मावळात सावड करतात. आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या. त्याच रीतीनं पायाचे दगड वाहता येतात, गावातल्या ट्रॅक्टरनं वाळू-सिमेंट वाडीच्या टोकापर्यंत नेता येतं. बचत गटानं पायापुरती रक्कम आगाऊ दिली आणि पहिला हप्ता आल्यावर ती परत घेतली, तर ठेकेदाराची गरज उरत नाही. सिमेंटच्या दुकानदारानं ग्रामपंचायतीच्या शब्दावर महिनाभर उधारी दिली, तर घराचा मालक स्वतः गवंड्यावर देखरेख करू शकतो. आणि रोजगार हमीची नव्वद दिवसांची मजुरी वेळेत मिळाली, तर २०२५-२६ च्या ३१२ रुपये दरानं ती २८ हजारांवर जाते. तेवढ्यात निदान घरातला एक माणूस भट्टीऐवजी वाडीवर थांबू शकतो.

घर कसं असावं, हेही वाडीलाच ठरवू द्यायला हवं. मुंबईत १९८० च्या दशकात भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायांनी ‘महिला मिलन’ उभं केलं. ‘स्पार्क’ ही संस्था आणि जॉकिन अर्पुथम यांचं झोपडपट्टीवासीयांचा महासंघ त्यांच्याबरोबर होता. १९८५ मध्ये ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. पण महापालिकेला फुटपाथवरच्या झोपड्या हटवण्याची मुभाही राहिली. त्याच काळात या बायांनी आपल्या वस्तीची मोजणी स्वतः केली, रोजचे दोन-चार रुपये साठवले आणि कापडाच्या साहाय्यानं घराचं खऱ्या मापाचं नमुनारूप उभं केलं. चूल इथं, मोरी इथं, झोपायची जागा इथं, हे आत उभं राहून ठरवलं. पुण्यात येरवड्यातही महिला मिलनच्या बाया पुनर्वसनाच्या कामात पुढं होत्या. जी वस्ती जिथं आहे तिथंच, घर-घर वेगळं बांधून सुधारण्याचं ते काम होतं.

मुळशीतल्या कातकरी बाईला विचारलं तर तिला काय हवं, हे अंदाजानं सांगता येतं. उतरतं छप्पर, पावसाच्या झडीतही चूल पेटेल अशी पडवी, ओल चढणार नाही इतकं उंच जोतं, जळण आणि कोंबड्यांसाठी आडोसा. तिला विचारण्याची पद्धत मात्र पाडावी लागेल.

बांधकामावरची माणसं

हिंजवडी, माण, मारुंजी ही मुळशीचीच गावं. तिथल्या वीस-वीस मजली इमारती मराठवाडा-विदर्भातून आणि बिहार, झारखंड, बंगाल, छत्तीसगडमधून आलेल्या मजुरांनी उभ्या केल्या. ते पत्र्याच्या खोल्यांत राहतात. कामाच्या ठिकाणी मजुरांना मोफत तात्पुरता निवारा, पाणी आणि संडास देण्याचं बंधन १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं मालकावर घातलं. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर कामगारांच्या कल्याणासाठी जमा होतो. पण नोंदणी झालेली नसेल तर त्याचा लाभ मजुराला मिळत नाही, आणि काम संपलं की पत्रे उचलून तो पुढच्या साइटवर जातो.

या माणसांना गाव ‘बाहेरचे’ म्हणतं. पण त्यांची मुलं गावच्याच शाळेत, बाळंतिणी गावच्याच आरोग्य उपकेंद्रात येतात. पुण्यात डोअर स्टेप स्कूलसारखी संस्था बांधकामांवरच्या मुलांना शाळेशी जोडते. ठाणे-पालघरात विधायक संसदेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. इतक्या मोठ्या सोसायट्या उभ्या राहिल्या आहेत, त्यांच्या कमिट्यांनी बिल्डरला एवढं विचारायला काय हरकत आहे: ज्यांनी आमची घरं बांधली, त्यांच्या खोल्यांत पाणी आहे का, आणि त्यांची नोंदणी झाली का? ग्रामपंचायतीनंही तो प्रश्न विचारायला हवा. शहरात एक लाख लोकसंख्येमागं बेघरांसाठी एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत, मुळशीसारख्या अर्ध्या शहर झालेल्या तालुक्यात, तशी काही सोय नाही.

गावठाण ही सगळ्यांची गरज

आंबेगावात डिंभे धरणानं उठवलेल्या आदिवासींबरोबर कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या शाश्वत संस्थेनं काम केलं. एकमेकांच्या उतारावरच्या जमिनीत सामुदायिक मेहनतीनं बांध घालून खाचरं तयार करायची ‘पडकई’ची जुनी रीत त्यांनी रोजगार हमीशी जोडून घेतली. ज्या जलाशयानं गावं बुडवली, त्याच पाण्यात मासेमारी करण्यासाठी विस्थापितांची सहकारी संस्था उभी राहिली. २०१२ मध्ये शाश्वतला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पुणे जिल्ह्यातच घडलेली ही गोष्ट मुळशीला उपयोगी आहे. घराबरोबर घर चालवायचं साधन हाताशी असेल, तर माणसं तिथं टिकतात. नाहीतर दोन लाखांच्या घराला कुलूप लागतं आणि कुटुंब पुन्हा भट्टीवर जातं.

मुळशीत सगळ्यांत जास्त आशा वाटावी अशी बाब मात्र वेगळीच आहे. गावठाणाची अडचण फक्त कातकऱ्यांची नाही. गावातल्या शेतकऱ्याचं घर आज्याच्या वेळच्या गावठाणात आहे, पण तिथं आता तीन भावांच्या सहा पोरांना जागा नाही. पोरं शेतात घर बांधतात, त्याला परवानगी नाही म्हणून नोटिसा येतात. धरणाच्या काठावरच्या वस्त्यांना गावठाणच नाही. कातकरवाडीला तर कधीच नव्हतं. गावठाणाची हद्द वाढवून मागणं ही या तिघांचीही गरज आहे, आणि तिघांसाठी कायद्याचं कलम एकच आहे. तिघांनी वेगवेगळे अर्ज केले तर तीन फायली तीन टेबलांवर धूळ खातील. एका गावाचा, वाडीसह, मोजणीच्या नकाशासह एकच प्रस्ताव गेला, तर त्याला वजन येईल. शेतकरी आपल्या पोरासाठी मागतो, तेव्हा त्याच नकाशात कातकऱ्याच्या घराची चौकट असेल. कातकऱ्याला यात मेहेरबानी मागावी लागत नाही, आणि शेतकऱ्यालाही दान दिल्याचा भार होत नाही.

हा ठराव कसा असावा, ते स्पष्ट सांगता येतं. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत, वाडीच्या बायांना पुढच्या रांगेत बसवून, चार गोष्टी ठरवाव्यात. एक: वाडीतल्या, काठावरच्या आणि शेतातल्या प्रत्येक राहत्या घराची मोजणी गावानं स्वतः करायची आणि ती नमुना आठला चढवायची. २०२७ ची जनगणना येण्याआधी आपली यादी आपल्याकडे तयार हवी. दोन: वाढीव गावठाणाचा एकत्र प्रस्ताव तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, आणि जे मालक वाडीची जागा सोडायला तयार आहेत त्यांची नावं त्यात सन्मानानं लिहायची. तीन: मंजूर घरकुलांसाठी पायाच्या रकमेचा गावनिधी आणि सावडीची पाळी लावायची. चार: हद्दीतल्या प्रत्येक बांधकामावरच्या मजुरांच्या निवाऱ्याची पाहणी ग्रामपंचायतीनं वर्षातून दोनदा करायची आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवायचा.

यातल्या एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. पैसा लागतो, पण बराचसा मंजूर आहे. लागते ती शेजाऱ्याची साक्ष आणि ती द्यायची तयारी. १९२१ मध्ये मुळशीच्या कुळामागं कागद नव्हता, आणि कागदवाले शेवटपर्यंत त्याच्याबरोबर राहिले नाहीत. आज कागदवाला शेतकरी आणि बिनकागदाचा कातकरी एकाच गावठाणाची मागणी करू शकतात. ही संधी शंभर वर्षांत पहिल्यांदा आली आहे. मुळशीच्या गावांनी ती या जानेवारीत घ्यावी.